वेगवान लहान जहाजाचे कर्तव्य

बलाढ्य शत्रूस बुडविणे हे एक काम, आणि त्यास निसटू न देणे हे दुसरे. पहिल्याची कीर्ती होते; परंतु दुसरे साधल्यावाचून पहिले घडतच नाही. अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते अशी दोन जातींची जहाजे असत. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्यांच्या युद्धपद्धतीचे वर्णन केले आहे. गुराबा दीडशे ते तीनशे टनांच्या व मोठ्या तोफांच्या. गलबते बहुधा सत्तर टनांच्या आतली, शिडांखेरीज चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारी. वारा पडला म्हणजे गलबते गुराबांना ओढीत शत्रूच्या पिछाडीस आणीत, कारण शत्रूच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींस असत. प्रथम मारा डोलकाठ्यांवर होई. डोलकाठी गेली की पलायन संपले.

हेच कर्तव्य आज एका निराळ्याच समुद्रात बजावले जाते. आइसलंडमधील सीसीपी या कंपनीने २००३ साली ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अवकाशयुद्धाचा संगणकी खेळ सुरू केला. देशोदेशीचे खेळाडू त्यात एकाच विश्वात वावरतात; समुद्रापासून दूर, सुप्याच्या माळावर राहणाऱ्या तरुणासही तेथे नाखवा होता येते. मात्र तेथे नष्ट झालेले जहाज परत मिळत नाही. नवे घ्यावे लागते. म्हणून प्रत्येक चकमकीत काहीतरी पणास लागलेले असते.

या खेळात पळू पाहणारे जहाज दूरच्या ठिकाणी एकदम झेप घेते. तत्पूर्वी त्यास दिशा धरून आपल्या कमाल वेगाचा तीन-चतुर्थांश भाग गाठावा लागतो. अवजड जहाजास यास वेळ लागतो, आणि तेवढ्याच अवधीत ‘इंटरसेप्टर’ नावाच्या चपळ जहाजाने त्याला गाठून झेपरोधक यंत्र लावावयाचे असते. पुढे आपला ताफा येईपर्यंत त्यास धरून ठेवावे, एवढेच त्याचे काम.

मग मोठ्या तोफांपुढे हे चिमुकले जहाज टिकते कसे? केवळ वेगाने नव्हे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा असलेला गोफणवाला पाहावा. समोरून सरळ येणारे पाखरू त्यास नेम बदलावयास लावीत नाही. आडवे उडणारे मात्र हात सारखा फिरवावयास लावते. मोठ्या तोफा सावकाश वळतात. म्हणून इंटरसेप्टरने शत्रूवर नाकासमोर धाव घेऊ नये. तिरकस वाटेने जवळ जावे आणि मग त्याच्याभोवती घिरट्या घालाव्यात. घिरटी फार दूरची झाली तर तोफेस थोडेच वळावे लागते. फार जवळची झाली तर शत्रूचे वेग मंदावणारे यंत्र पकडते, आणि वेग गेला की सर्वच गेले. या दोन मर्यादांमधील अंतर राखणे हेच खरे कौशल्य होय.

नवशिक्यास स्वतःच शत्रूस मारण्याचा मोह होतो. तो घातक आहे, कारण या जहाजाच्या तोफा दुबळ्या असतात, आणि नेम साधण्याच्या भरात घिरटीकडे दुर्लक्ष होते. पुष्कळदा ताफा येण्यापूर्वीच लहान जहाज नष्ट होते; तथापि शत्रू अखेरच्या क्षणापर्यंत अडकून राहिला असेल, आणि तोवर दुसऱ्या साथीदाराने त्यास धरले असेल, तर ते व्यर्थ गेले असे म्हणता येणार नाही. गुराबांच्या तोफांना यश येई, त्यामागे गलबतांवरील वल्हेकऱ्यांचे दंड असत.