श्वास मोकळा करणारा संशोधक : सर डेव्हिड जॅक

दम्याचा झटका आला की रुग्ण जो छोटा पंप तोंडाशी धरतो, त्यातील साल्ब्युटामॉल हे औषध एका खाणकामगाराच्या मुलाच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाले. डेव्हिड जॅक यांचा जन्म १९२४ साली स्कॉटलंडमधील मार्किंच गावी झाला. प्रारंभी औषधाच्या दुकानात उमेदवारी करून पुढे त्यांनी ग्लासगो येथे औषधनिर्माणशास्त्राची पदवी संपादन केली. १९६१ मध्ये ते इंग्लंडमधील अ‍ॅलन अँड हॅनबरीज कंपनीचे संशोधनप्रमुख झाले.

त्या काळच्या आयसोप्रेनालिन या औषधाने श्वासनलिका मोकळ्या होत. परंतु हृदयही धडधडू लागे आणि आराम अल्पकाळच टिके. जॅक यांच्या सहकाऱ्यांनी रेणूची रचना अशी बदलली की औषध मुख्यत्वे श्वासनलिकांवरच कार्य करील आणि त्याचा परिणाम काही तास टिकेल. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल उपलब्ध झाले. तथापि, ते श्वासनलिकांची सूज घालवीत नाही. त्यासाठी १९७२ मध्ये त्यांनी श्वासावाटे घेण्याचे बेक्लोमेथासोन आणले.

म्हणूनच पालकांनी ध्यानी घ्यावे की, तात्काळ आराम देणारा पंप आणि डॉक्टरांनी नित्य घ्यावयास सांगितलेला पंप यांची कार्ये भिन्न आहेत. मुलाला बरे वाटू लागले म्हणून दुसरा परस्पर बंद करू नये.