विद्यार्जन आणि व्यवसाय

विद्यार्थिदशेत द्रव्यार्जनाच्या मागे लागू नये, त्याने अभ्यासाची हानी होते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु तिला दुसरी बाजूही आहे, आणि ती पाहावयाची तर बंगळूर शहराकडे वळावे.

या शहरातील सेंट्रल कॉलेजात मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या शिकत होते. पितृछत्र बालपणीच हरपलेले. तेव्हा शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागविला व १८८१ साली बी. ए. ची पदवी संपादन केली. पुढे पुण्यास ते अभियंता झाले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले.

शिकवणी हे व्यवसायाचे लहानसे रूपच होय. वेळ पाळावी लागते, घेतलेल्या पैशाचे मोल चुकवावे लागते. विक्रीचा व्यवसाय याहून अधिक शिकवितो. समजा, दोघा विद्यार्थ्यांनी २,००० रुपये घालून प्रत्येकी २० रुपयांच्या १०० वह्या आणल्या व २५ रुपयांस एक याप्रमाणे ७० विकल्या. प्रत्येक वहीमागे ५ रुपये, म्हणजे नफा ३५० रुपये झाला. पण त्यांतील १० वह्या उधारीवर गेल्या असतील, तर हाती रोख १,५०० रुपयेच येतात. वहीखात्यात नफा आहे आणि गल्ल्यात मात्र ५०० रुपयांची तूट! उरलेल्या ३० वह्या आणि मित्रांकडची उधारी यांत भांडवल अडकले आहे. नफा निराळा आणि रोकड निराळी, हे वाणिज्याच्या पुस्तकातले वाक्य अशा वेळी खरे समजते. मित्राकडे पैसे मागण्याचा संकोच आणि भागीदाराशी होणारा मतभेद यांचा धडा तर कोणत्याच पुस्तकात नसतो.

हे शिक्षण उद्योजकालाच उपयोगी पडते असे नाही. पुढे नोकरी पत्करणाऱ्यालाही आपल्या कामाचा खर्च कोण सोसतो आणि त्याचा लाभ कोणाला होतो, याची जाण येते. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने २००० साली उद्योजकतेच्या अध्ययनासाठी केंद्र काढले. एन. एस. राघवन यांचे नाव धारण करणारे हे केंद्र नवोदित उद्योगांना मार्गदर्शन करते.

तथापि मर्यादा हवीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजविले, त्यात कमाई ही शिक्षणासाठी होती. कमाईपायी शिक्षणच सुटले, तर तो व्यवहार तोट्याचा ठरतो. लहान भांडवल, चोख हिशेब आणि अभ्यासासाठी राखून ठेवलेला वेळ, एवढे सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याचा धंदा बुडाला तरी त्याचे फार काही बुडत नाही; कारण त्या तोट्याने दिलेला अनुभव जन्मभर पुरतो.