आजीला संवाद का ऐकू येत नाहीत?

समजा, आजी भारतातून तुमच्याकडे राहायला आली आहे. शनिवारी रात्री सगळे मराठी सिनेमा बघायला बसता. गाणी दणदणीत वाजतात. पण कोणी बोलू लागलं, की आजी विचारते, "काय म्हणाला रे तो?" आवाज वाढवला, की पुढच्या गाण्याला ती कानांवर हात ठेवते. शेवटी "तुम्ही बघा, मी पडते जरा" म्हणून उठून जाते.

दोष आजीच्या कानांचाच असेल असं नाही. तो खोलीचाही असू शकतो.

स्पीकरचा आवाज थेट कानात येतो, तसाच भिंतींवर आणि छतावर आपटूनही येतो. रिकाम्या घरात आवाज घुमतो ना? तसंच हे. शब्द एकमेकांत मिसळतात. ढोलासारखे खालचे सूर तर काही ठिकाणी फुगतात आणि काही ठिकाणी गायबच होतात. सबवूफर चालू ठेवून खोलीत फिरून बघा, फरक लगेच कळेल.

यावर उपाय आहे. होम थिएटरच्या बऱ्याच रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो असा वापरायचा:

१. मधला स्पीकर कपाटात आत ढकललेला असेल, तर पुढे ओढा. बहुतेक संवाद त्याच्यातूनच येतात.
२. पंखा, एसी बंद करा. कोणी बोलू नका.
३. माइक हातात धरू नका. आजी बसते तिथे, तिच्या कानांच्या उंचीवर, कॅमेऱ्याच्या स्टँडवर लावा.
४. मोजणी सुरू करा. प्रत्येक स्पीकर आळीपाळीने वाजेल.
५. माइक थोडा सरकवून आजूबाजूच्या जागाही मोजा.

यातून रिसीव्हरला काय कळतं? आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. एक स्पीकर २ मीटरवर आणि दुसरा ४ मीटरवर असेल, तर दुसऱ्याचा आवाज सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवतो. जो स्पीकर जोरात वाजतो, त्याचा आवाज कमी करतो. खोलीमुळे फुगलेले सूर दाबतो.

पण सगळं यंत्रावर सोडू नका. घुमणाऱ्या खोलीत गालिचा आणि जाड पडदे हवेतच. खालचा सूर जिथे गायब होतो, तिथे तो वाढवून फारसा उपयोग होत नाही. सोफा किंवा सबवूफर हलवा आणि पुन्हा मोजा. तरीही शब्द नीट कळले नाहीत, तर फक्त मधल्या स्पीकरचा आवाज २ डेसिबल वाढवा.

मग तोच सिनेमा पुन्हा लावा. या वेळी रिमोट आजीच्या हातात द्या. ती शेवटपर्यंत बसली, तर समजा, जमलं!

शब्दार्थ
संवाद – पात्रांचं बोलणं
घुमणे – आवाज परत परत ऐकू येणे
आळीपाळीने – एकानंतर एक

प्रश्न
१. आजी सिनेमा सोडून का उठली?
२. रिसीव्हर जवळच्या स्पीकरला का थांबवतो?
३. तुमच्या घरातल्या कोणत्या खोलीत आवाज घुमतो? का? तीन वाक्यं लिहा.