मनाचीही तपासणी असते

दवाखान्यात गेलं की डॉक्टर नाडी बघतात. छातीला नळी लावतात. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात. हे सर्वांना ठाऊक आहे. पण कधी ते असंही विचारतात, "मावशी, गेल्या पंधरा दिवसांत मन उदास होतं का? कशात गोडी वाटत नव्हती का?" मावशींना राग येतो. "माझी कंबर दुखते. मनाचं काय विचारता? मी काय वेडी आहे?"

नाही मावशी, तुम्ही वेड्या नाही. डॉक्टर एक दुखणं शोधीत आहेत. त्याला नैराश्य म्हणतात. हे दुखणं लबाड आहे. ते स्वतःच्या नावानं येत नाही. अंगदुखी, डोकेदुखी, अशक्तपणा अशा नावांनी येतं. मग माणूस ताकदीच्या गोळ्या खात राहतो आणि खरा रोग आत वाढतो.

दुःख आणि रोग यांत फरक आहे. आमच्या डोलवीच्या बाजूला खाडीचं खारं पाणी बांध फोडून भातशेतीत शिरलं, तर शेतकऱ्याला दुःख होणारच. तो रोग नव्हे. पण दोन आठवडे झाले तरी उदासी रोजच राहिली, हाताला काम सुचेना, तर तपासणी करावी.

ती कशी करतात? आधी वरचे दोन प्रश्न. उत्तर 'होय' आलं, तर पुढं एकूण नऊ प्रश्न. झोप, भूक, थकवा, स्वतःला दोष देणं, लक्ष न लागणं, असे ते प्रश्न आहेत. ही यादी २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. आता ती मराठीतही आहे. त्रास मुळीच नसेल तर ०, काही दिवस असेल तर १, निम्म्याहून अधिक दिवस असेल तर २, जवळजवळ रोज असेल तर ३ गुण. एकूण गुण २७.

शाळेत जास्त गुण मिळाले की शाबासकी मिळते. इथं उलट आहे. १० किंवा अधिक गुण झाले, तर डॉक्टर अधिक चौकशी करतात. नुसत्या गुणांवरून रोग ठरत नाही. अंगात रक्त कमी असलं किंवा थायरॉइडचा विकार असला, तरी थकवा येतो. तेही बघावं लागतं.

नववा प्रश्न जिवाचा आहे. "मरून जावं असं मनात येतं का?" असं विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. असलेला विचार बाहेर येतो. बाकीचे गुण कमी असले तरी हे उत्तर लपवू नये.

पण विचारून पुढं काय? गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत हेच नऊ प्रश्न विचारून आजारी माणसं शोधली. काहींना नेहमीचे उपचार दिले. काहींना त्याच्या जोडीला समुपदेशक दिले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. ती रोग्याशी बोलत. आवडीचं, उपयोगाचं काम थोडंथोडं पुन्हा सुरू करायला लावीत. तीन महिन्यांनी पाहिलं. नुसत्या नेहमीच्या उपचारांनी शंभरांत ३९ जण सावरले होते. समुपदेशकाच्या जोडीनं ६४ सावरले. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे हे दुखणं बरं होतं. गोळ्या दिल्या, तर गुण यायला काही आठवडे लागतात. मधेच त्या बंद करू नयेत.

तेव्हा डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी विचारलं, तर खरं सांगा. कुणी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगा. चारचौघांत लाज वाटली, तर "एकट्यानं बोलायचं आहे" असं म्हणा. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला, तर १४४१६ या सरकारी नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येतं. आणि घरातलं माणूस असं काही बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. लगेच दवाखान्यात न्या.