वजा झालेले खाते आणि दाद मागण्याचा अधिकार

मीरा-भाईंदरसारख्या शहरात, जेथे पहाटेच्या चर्चगेट लोकलने निघणारा कारकून आणि भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडवणारा कारागीर या दोघांच्याही महिन्याचा हिशेब पगाराच्या तारखेपासून हप्त्याच्या तारखेपर्यंतच्या अंतरावर अवलंबून असतो, तेथे बँकेने खात्यातून परस्पर कापलेल्या दंडाविषयी फलाटावर आणि नाक्यावर पुष्कळ बोलले जाते. पण त्याबद्दल शाखेत जाऊन लेखी जाब विचारणारा मनुष्य क्वचितच आढळतो. हे केवळ भित्रेपणाचे वा आळसाचे लक्षण मानणे अन्यायाचे होईल. कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या माणसाच्या मनात बँकेविषयी काही समजुती इतक्या खोलवर रुजलेल्या असतात, की नियमाने त्याच्या हाती दिलेले साधन वापरण्याचा विचारही त्याला शिवत नाही; आणि ज्या थोड्यांना तो शिवतो, त्यांतले काहीजण थेट उलट टोकाला जाऊन, एक खरमरीत पत्र धाडले की कापलेली पै न् पै परत येईल, अशा भ्रमात राहतात.

पहिली समजूत अशी, की जो स्वतः थकबाकीदार आहे त्याला तक्रार करायला तोंडच उरत नाही. वस्तुतः रिझर्व्ह बँकेची जी एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी अमलात आली, तीत कोणत्या तक्रारी विचारात घेऊ नयेत याची यादी दिलेली असली, तरी तक्रारदार कर्जबाजारी नसावा अशी अट त्या यादीत कोठेही नाही. मुद्दल आणि ठरलेले व्याज फेडण्याची जबाबदारी ही एक बाब, आणि नियमबाह्य आकारणी परत मागण्याचा अधिकार ही दुसरी. पहिली पुरी झाल्यावाचून दुसरी उपजत नाही, असा कायदा नाही. तथापि याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ५९० रुपयांची तक्रार प्रलंबित आहे म्हणून ९,००० रुपयांचा हप्ता रोखून धरणे म्हणजे आपल्याच हाताने नवा दंड ओढवून घेणे होय.

आता हा दंड लागतो कसा, ते जरा जवळून पाहू. समजा, दुचाकीच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला आहे आणि पगार सात तारखेला जमा होतो. पाच तारखेला सकाळी वसुलीची मागणी खात्यावर आली, शिल्लक अपुरी निघाली, मागणी परत गेली; खाते जिच्याकडे आहे त्या बँकेने त्याबद्दल ५०० रुपये आणि त्यांवर १८ टक्क्यांप्रमाणे ९० रुपये वस्तू व सेवा कर, असे ५९० रुपये लावले; कर्ज देणाऱ्या कंपनीने आपला दंड निराळा लावला; सहा तारखेला तीच मागणी पुन्हा पाठवण्यात आली, ती पुन्हा परत गेली, आणि आणखी ५९० रुपये चढले. खात्यात तेवढेही पैसे नसल्यामुळे ती रक्कम येणे म्हणून राखून ठेवली गेली, आणि सात तारखेला पगार जमा होताच तो हातात पडण्यापूर्वी १,१८० रुपयांनी आटला. महिन्याची सरासरी शिल्लक कमी भरली म्हणून त्याचा भुर्दंड पुढल्या महिन्यात आणखी वेगळा! शिवाय १ ऑगस्ट २०२१ पासून ही स्वयंचलित वसुली रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे ‘पाच तारखेला रविवार आहे, सोमवारी भरू’ हा जुना भरवसा आता निरुपयोगी झाला आहे.

या सर्व नोंदी खातेउताऱ्यावर एकाखाली एक आल्या म्हणजे सगळेच अन्याय्य वाटू लागते. परंतु त्यांतली प्रत्येक नोंद नियमबाह्य नसते, आणि कच्ची नोंद कोणती हे ओळखण्यातच परताव्याचे सारे रहस्य आहे. हप्ता परत गेल्याचा आकार बँकेच्या प्रसिद्ध दरपत्रकानुसार असेल, तर तो कितीही जाचक वाटला तरी सामान्यतः वैध ठरतो. एकाच परत गेलेल्या मागणीसाठी दोनदा लावलेला आकार, दरपत्रकापेक्षा जास्त लावलेला आकार, अथवा कर्ज पूर्ण फिटल्यावरही वसुलीचे संमतिपत्र (मँडेट) रद्द न केल्यामुळे लागलेला आकार यांची गोष्ट वेगळी. तेथे जाब विचारण्यास भक्कम आधार आहे.

किमान शिल्लकेच्या दंडाबाबत मात्र ग्राहकाची बाजू अधिक बळकट आहे, आणि आश्चर्य असे की नेमकी हीच बाब लोकांना सर्वांत कमी ठाऊक असते. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी व्यापारी बँकांना जे परिपत्रक धाडले आणि जे १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले, त्यानुसार शिल्लक किमान मर्यादेखाली गेल्यास बँकेने प्रथम लघुसंदेश, ईमेल वा पत्राने ग्राहकाला तशी सूचना द्यावी. त्या सूचनेपासून एक महिन्यात शिल्लक पूर्ववत न झाली तरच दंड लावावा. तो दंड सरसकट एकच नसून तुटीच्या प्रमाणात असावा. आणि केवळ या दंडामुळे बचत खाते वजा होता कामा नये. जे खाते दीर्घकाळ व्यवहार नसल्यामुळे निष्क्रिय ठरले आहे, त्यावर किमान शिल्लकेचा दंड लावण्यास तर मे २०१४ मध्येच मनाई करण्यात आली. म्हणून ज्याच्या जुन्या पगारखात्यात नोकरी सुटल्यावर शून्य शिल्लक राहिली आणि काही महिन्यांनी जे उणे हजार-दीड हजार दाखवू लागले, त्याने ‘आता हे भरल्याशिवाय खाते बंद होणार नाही’ हे उत्तर मान खाली घालून स्वीकारण्याचे कारण नाही. ती उणे रक्कम कशापोटी झाली, आणि पूर्वसूचना कोणत्या तारखेला दिली, एवढे दोन प्रश्न लेखी विचारावेत.

ही रक्कम क्षुल्लक आहे, तिच्यासाठी कोण भांडत बसणार, असे म्हणणाऱ्यांनी शासनाने जुलै २०२४ मध्ये संसदेत दिलेला आकडा ध्यानात घ्यावा: सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी पाच आर्थिक वर्षांत किमान शिल्लकेच्या दंडापोटी सुमारे ८,४९५ कोटी रुपये वसूल केले होते. भारतीय स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्ये रद्द केला होता, आणि २०२५ च्या मध्यावर कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा इत्यादींनीही त्याच वाटेने जाणे पसंत केले. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याच्याकडूनच पैसा नसल्याचा दंड घ्यायचा, ही व्यवस्था बँकांनाही अखेर समर्थनीय वाटेनाशी झाली, असाच याचा अर्थ प्रस्तुत लेखकास तरी लागतो.

‘दरपत्रकात छापले आहे, म्हणजे ते अंतिमच’ ही आणखी एक दृढ समजूत. तिचे खंडन करणारे उदाहरण आपल्या शेजारीच, पवईला घडले आहे. आय.आय.टी. मुंबईतील संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशीष दास यांनी मूलभूत बचत खात्यांच्या, म्हणजे जनधनसारख्या गरिबांच्या खात्यांच्या, आकारांचा अभ्यास करून असे दाखवून दिले, की महिन्यातील चार व्यवहारांनंतरच्या प्रत्येक व्यवहारास, मग तो यूपीआयने वा रुपे कार्डाने केलेला का असेना, भारतीय स्टेट बँक १७ रुपये ७० पैसे लावीत होती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० ऑगस्ट २०२० च्या परिपत्रकाने, १ जानेवारी २०२० नंतर अशा विहित इलेक्ट्रॉनिक व्यवहारांवर घेतलेले आकार परत करावेत असे सर्व बँकांना कळवले. दास यांच्या २०२१ मधील अहवालानुसार, एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात वसूल झालेल्या २५४ कोटींहून अधिक रकमेपैकी सुमारे ९० कोटी रुपये खातेदारांना परत मिळाले. उरलेल्या रकमेबद्दलचा त्यांचा आग्रह अर्थातच कायम होता. सतरा रुपयांसाठी कोणी एकटा खातेदार झगडला नसता, हे खरे. पण छापील दरही नियमापुढे टिकत नाही, हे यावरून सिद्ध झाले.

ओव्हरड्राफ्टविषयी मोबाइलवर फिरणाऱ्या सल्ल्यांचे मूळ बहुधा विलायतेत असते, आणि तो सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिकडे साध्या चालू खात्यातही शिल्लकेपलीकडे पैसे उचलले जात आणि त्यावर बँका मोठे ठोक आकार लावीत. ते परत मिळवण्यासाठी २००६ च्या सुमारास हजारो लोकांनी अर्ज केले, पुष्कळांना पैसे मिळालेही. पण २५ नोव्हेंबर २००९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने, त्या आकारांची न्याय्यता ग्राहकहिताच्या नियमांखाली तपासण्याचा तेथील न्याय्य व्यापार कार्यालयाचा दावा मान्य केला नाही, आणि ती लाट ओसरली. ठोक आकारांवर बंदी आली ती पुढे एप्रिल २०२० मध्ये, नियामकाच्या हुकमाने. आपल्याकडे ओव्हरड्राफ्ट म्हणजे मंजुरीपत्राने ठरलेल्या मर्यादेचे कर्ज: पगारावर, मुदतठेवीवर, कारखान्याच्या मालावर, अथवा जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत. व्याज उचललेल्या रकमेवर, उचललेल्या दिवसांपुरतेच. भाईंदरच्या गाळेवाल्याने आपल्या कॅशक्रेडिट खात्यात पाहावे ते असे, की रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानंतर, १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर आणि जुन्या कर्जांवर ३० जून २०२४ च्या आत, दंड हा व्याजदरात मिसळून लावता येत नाही. तो स्वतंत्र दंडआकार म्हणूनच दाखवावा लागतो आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. क्रेडिट कार्ड मात्र या परिपत्रकाबाहेर आहे. परिपत्रकाखालील कर्जांच्या दंडआकारावर वस्तू व सेवा कर नाही, असाही खुलासा जानेवारी २०२५ मध्ये झाला आहे.

तक्रार केल्याने सिबिलचा गुणांक घसरतो, ही भीती निराधार आहे. गुणांक परतफेडीच्या नोंदींवर ठरतो, तक्रारींवर नव्हे, आणि साध्या बचत खात्यातील दंड तर त्या दप्तरात जातच नाही. वसुली प्रतिनिधीने सकाळी आठपूर्वी वा संध्याकाळी सातनंतर फोन केल्यास तो स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे.

मार्ग तसा साधा आहे, फक्त क्रम चुकता कामा नये. प्रथम बँकेकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात तारीख, नोंदीचा तपशील, रक्कम आणि कोणत्या नियमाचा भंग झाला एवढेच लिहावे, घरच्या अडचणींचे वर्णन दोन ओळींत उरकावे, आणि शाखेत अर्ज दिल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्यावी, कारण काउंटरवर तोंडी सांगितलेली तक्रार पुढे कोठेही रुजू होत नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, अथवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर किंवा चंडीगढ येथील केंद्राकडे टपालाने लोकपालांसाठी तक्रार पाठवावी. तेथे शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते. लोकपाल नियमभंग तपासतात; व्याजदर कमी करावा का, कर्जात सूट द्यावी का, हे बँकेच्या व्यापारी निर्णयाचे प्रश्न ते सोडवीत नाहीत. दुसरा मार्ग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा, दोन वर्षांच्या मुदतीचा. पण एकाच कारणासाठी दोन्ही दरवाजे एकदम ठोठावू नयेत. आणि ज्यांचे खाते पतसंस्थेत आहे त्यांनी चंडीगढला पत्र पाठवून वेळ दवडू नये. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करावी लागते.

ज्यांना किमान शिल्लक राखणे पुढेही जमणार नाही त्यांनी परताव्याच्या अर्जाबरोबरच आपले खाते मूलभूत बचत खात्यात बदलून मिळावे असा दुसरा अर्ज द्यावा. त्या खात्याला किमान शिल्लकेची अट नाही. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. हप्त्याची तारीख पगारानंतरची करून घेण्याचा तिसरा अर्ज कर्ज देणाऱ्या संस्थेकडे द्यावा, आणि या तिन्ही अर्जांआधी गेल्या बारा महिन्यांचा खातेउतारा काढून त्यातील प्रत्येक कापणीवर पेन्सिलीने खूण करावी.