कपाट उपसायला घेताय? मग हे वाचा

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत डबे, माळे, सगळं निघतं. कपड्यांचं कपाट मात्र वरवर आवरून बंद होतं. मला कपाटं उपसायचा नादच आहे, म्हणून थोडं सांगते.

सगळे कपडे पलंगावर काढा. सगळे म्हणजे माळ्यावरच्या बॅगेतलेसुद्धा! ‘बारीक झाल्यावर घालेन’ हा ढीग बहुतेक घरांत भला मोठा निघतो. माझं स्पष्ट मत, आधी तोच घराबाहेर काढा.

रेशमी साड्यांना मात्र वेळ द्या. पैठणी हँगरवर वर्षानुवर्षं लटकवू नका, जरीच्या वजनाने कापड ताणतं. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि जर काळी पडते. त्यापेक्षा धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर साडी नेमकी घडीवरच चिरते. डांबराच्या गोळ्या थेट कापडावर नकोत, पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवा. आणि घामाचा, अत्तराचा डाग राहिलेली साडी कधीच तशी आत ठेवू नका, कसर तिथेच आधी लागते.

बाहेर काढलेल्याचं काय? मऊ सुती साड्या गोधडीला. तुमच्याकडे बोहारीण अजून येत असेल तर भाग्यवान आहात! बाकी धड कपडे ‘गूंज’सारख्या संस्थेला द्या. १९९९ साली सुरू झालेली ही संस्था गावांत श्रमाच्या मोबदल्यात कपडे देते. फक्त ते धुऊन, तुटलेली बटणं लावून द्या.