ड्रॅगन आणि दाजी

गेल्या भाऊबीजेला मी नांदेडहून लातूरला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, फराळ झाला, आणि धाकट्या भाचीने फर्मान सोडले, “मामा, आता ड्रॅगनचा सिनेमा बघायचा!”

ड्रॅगन म्हणजे पंखांचा, आग ओकणारा अजस्र सर्प, एवढेच माझे ज्ञान. चित्रांचा सिनेमा हे पोरासोरांचे काम. आपण जरा पडावे म्हणून मी लोडाला टेकलो. पण वाचकहो, डोळा काही लागला नाही!

‘हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ हा २०१० सालचा अमेरिकन चित्रपट, क्रेसिडा कॉवेल या इंग्रज लेखिकेच्या पुस्तकावर बेतलेला. हिकप हा काडीपैलवान पोरगा. बाप गावाचा नायक, ड्रॅगन मारण्यात पटाईत. मुलानेही तेच करावे हा त्याचा हट्ट. पोरगा एक काळा ड्रॅगन पाडतो खरा. पण सुरी उगारताच त्या जनावराच्या डोळ्यांत त्याला आपलीच भीती दिसते. तो दोर कापून त्याला सोडतो. जनावराच्या शेपटीचा एक पंख तुटलेला. तर हा नवा पंख करून त्याला पुन्हा आकाशात नेतो.

दाजींच्या आई जपमाळ थांबवून म्हणाल्या, “आपल्या कृष्णानं तरी कालियाला कुठं मारलं? यमुनेतून घालवलं फक्त.” मला दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ आठवला. त्यात कृष्ण झाली होती त्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी. पोर लहान, सर्प मोठा. ही गोडी जुनीच आहे. नवे एवढेच, की इथला सर्प घरच्या मांजरासारखा लाडात येतो.

मग तो प्रसंग आला. बाप मुलाला म्हणतो, तू माझा मुलगा नव्हेस. खोलीत एकदम शांतता पसरली.

थोरला भाचा अकरावीत. लातूरात अकरावी म्हणजे काय, हे ‘लातूर पॅटर्न’ ऐकलेल्या वाचकांना सांगायला नको; आमच्या नांदेडातही क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. दाजींनी त्याला पाळण्यातच डॉक्टर केला आहे. त्याच्या जीवशास्त्राच्या वहीत मात्र बेडकापेक्षा पंखवाले प्राणीच जास्त. त्यावरून दसऱ्यापासून बापलेकांत बोलणे नव्हते.

शेवटी लढाईत हिकपचा एक पाय जातो, कृत्रिम पाय येतो. पांगळा मुलगा आणि पांगळा ड्रॅगन एकमेकांच्या आधाराने उडतात. भाचीने टाळ्या पिटल्या. दाजी चष्मा पुसत राहिले. मग भाच्याकडे न पाहताच म्हणाले, “तो शेपटीचा पंख कसा जोडला रे? मला नीट कळलं नाही.”

भाचा उठला. वही घेऊन आला. तीच वही!

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास होताच, आणि तो गेलाही. परीक्षा काही ड्रॅगनने गिळली नाही. पण त्याला सोडायला दाजी स्वतः गेले, आणि जिन्यावरून दोघांच्या बोलण्याचा आवाज बराच वेळ येत होता.